दहावरून अकरावर

जयगडात जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, डिझेल परताव्याचे अर्ज, लग्नपत्रिका, आणि उरलेल्या वेळात संगणकांची डागडुजी. गिऱ्हाईक गावातलं असतं, तसं फेरीबोटीने तवसाळहून आलेलंही असतं. गेल्या ऑक्टोबरपासून निम्मी माणसं एकच प्रश्न घेऊन येतात. परवा दोन बोटींचे मालक असलेले एक चाचा आले. लॅपटॉप पिशवीत, पिशवीला बांगड्याचा वास.

“हे बघ रे. दर दोन दिवसांनी पडदाभर काहीतरी येतं आणि म्हणतं, तुमचं विंडोज संपलं. मशीन तर चालू आहे. मग संपलं ते काय?”

प्रश्न अगदी रास्त होता.

बोटीवर जसा तांडेल, तशी संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम. जाळं कधी टाकायचं, इंजिन कधी मंद करायचं, कोण कुठल्या दोरीला लागायचं, हे तांडेल सांगतो. तसंच क्रोम, टॅली, प्रिंटर, कीबोर्ड या सगळ्यांत मेमरी कोणाला किती आणि डिस्कवर कोणी कधी लिहायचं, हे विंडोज ठरवतं. चाचांच्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. ते २९ जुलै २०१५ ला बाजारात आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याची मोफत देखभाल थांबवली. त्या रात्री एकही मशीन बंद पडलं नाही. थांबली ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी दुरुस्ती.

ही दुरुस्ती थांबल्याने काय बिघडतं? विंडोज १० आणि ११ यांच्या आतला बराच भाग सारखाच आहे. अकरासाठी एखादी दुरुस्ती आली की ज्यांचा धंदाच चोरीचा आहे ते ती उघडून बघतात. आधी काय होतं, आता काय बदललं? जिथे ठिगळ लागलं तिथेच भोक होतं, हे त्यांना आयतं कळतं. अकरावर ते बुजलेलं असतं, दहावर तसंच उघडं असतं. म्हणजे जुनं विंडोज जसंच्या तसं राहिलं तरी त्याचा धोका महिन्यागणिक वाढत जातो. अँटीव्हायरस आहे ना, असं लोक म्हणतात. विंडोजच्या डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, हे खरं. पण तो राखणदार आहे, गवंडी नव्हे. भिंतीतलं भोक तो बुजवत नाही.

“आपल्या जयगडात कोण येतंय चोरायला?” हा चाचांचा पुढचा प्रश्न. त्यावर मी न्हावाशेव्याची गोष्ट सांगितली. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकावर दुरुस्ती दिली. ती ज्यांनी लावली नव्हती त्यांच्या मशिनांत १२ मे ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस घुसला आणि फायलींना कुलूप लावून खंडणी मागू लागला. तेव्हा विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीची देखभाल थांबून तीन वर्षं झाली होती, तरी मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी खास दुरुस्ती काढावी लागली. महिना-दीड महिन्याने, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि तेच भोक, शिवाय चोरलेले पासवर्ड वापरून जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोसळली आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाचं जे टर्मिनल आहे त्याचं काम विस्कळीत झालं. न्हावाशेव्यावर कोणी नेम धरला नव्हता. जाळ्यात पापलेटाबरोबर खेकडाही येतो, तसं ते झालं.

ही गोष्ट सांगितली की दुसरीही सांगायला हवी, नाहीतर मी अर्धंच बोललो असं होईल. नॉटपेट्या आला होता अपडेटच्याच वाटेने. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं, त्याने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. म्हणून “अपडेट करा, सगळं ठीक होईल” असं मी कोणाला सांगत नाही. नवीन आवृत्ती आली की पहिल्या आठवड्यात मी तिला हातही लावत नाही. पण पहिल्या आठवड्यात न लावणं वेगळं आणि कधीच न लावणं वेगळं.

कधीच न लावण्याचा दुसरा तोटा चोरांपेक्षाही हमखास येतो. विंडोज ७ ची मोफत देखभाल १४ जानेवारी २०२० ला संपली. पुढची तीन वर्षं लोकांनी ते निवांत वापरलं. मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने हात काढून घेतला. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. त्यानंतर एकेक वेबसाइट रुसायला लागली. आज पान अर्धवट उघडतं, उद्या ओटीपीचा चौकोनच दिसत नाही. जुनं विंडोज मरतं ते असं, पोर्टलच्या दारात. मोठ्यांचीही गत वेगळी नसते. एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला संपलं, आणि एटीएममधून ते काढा असं रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये बँकांना बजावावं लागलं. मुदत जून २०१९ ची दिली होती.

आता तपासणी. चाचांच्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा प्रोसेसरचं नाव पाहिलं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्याखाली अबाउट. तिथे होतं आय५-८२५०यू. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी. तो ८ आहे, म्हणजे इंटेलची आठवी पिढी, आणि विंडोज ११ तिथूनच सुरू होतं. आय५-७२००यू असतं तर दार बंद. पहिला आकडा १ असला, समजा १०२१०यू, तर पहिले दोन घ्यायचे. ती दहावी पिढी. एएमडीच्या रायझनमध्ये हा हिशेब फसतो, कारण तिथे २००० च्या घरातला डेस्कटॉपचा २६०० चालतो पण लॅपटॉपचा २५००यू चालत नाही. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप घालावं. ते हो किंवा नाही सांगतं, आणि नाही असेल तर का नाही तेही सांगतं.

बाकीच्या अटी म्हणजे ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.०. यातल्या ४ जीबी रॅमवर विंडोज ११ सुरू होतं एवढंच. काम करायचं तर ८ धरून चाला. आणि जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. दहाच राहो की अकरा येवो, मशीन दुप्पट वेगाने चालल्यासारखं वाटतं, आणि गिऱ्हाइकाचे पैसे फुकट गेले असं मला फक्त याच कामात कधी वाटत नाही.

टीपीएमवर मात्र जरा थांबतो, कारण सगळा गोंधळ त्याच्यावरून होतो आणि पुढचा सगळ्यात मोठा खड्डाही तिथेच आहे. टीपीएम म्हणजे किल्ल्या ठेवायची डबी. ती कधी बोर्डावर वेगळी चिप म्हणून असते, कधी प्रोसेसरच्या आतच असते. डिस्कवरची माहिती कुलूपबंद केली तर किल्ली डिस्कवर ठेवून चालत नाही. डिस्क काढून नेणाऱ्याला किल्लीही मिळेल. म्हणून ती या डबीत. डबी आंधळेपणाने किल्ली देत नाही. मशीन सुरू होताना एकेक पायरी, म्हणजे मशीनला पहिली जाग आणणारा बायोस, मग बूट करणारा प्रोग्रॅम, मग पुढचं, आपली मोजदाद डबीत नोंदवत जाते. कालची मोजदाद आणि आजची जुळली तरच किल्ली बाहेर येते. सिक्युअर बूट तिचा जोडीदार. खात्रीची सही नसलेला प्रोग्रॅम तो सुरुवातीलाच अडवतो.

बऱ्याच मशिनांत ही डबी असते, पण बायोसमध्ये बंद केलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीवर एफटीपीएम या नावाने. हेल्थ चेकने “टीपीएम नाही” म्हटलं म्हणून मशीन भंगारात काढू नका. विंडोजची कळ आणि आर दाबून tpm.msc या नावाची आज्ञा टाइप करायची. आत डबी सापडते की नाही ते लगेच कळतं. नाही सापडली तर बायोसमध्ये शोधायची.

आणि इथेच मी एकदा तोंडावर पडलो. एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप होता. बायोसमध्ये दोन-तीन गोष्टी बदलल्या, मशीन सुरू केलं, तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. डिस्क कुलूपबंद आहे हे मालकाला ठाऊक नव्हतं, मीही पाहिलं नव्हतं. वर सांगितलं तेच झालं होतं: मी बायोस बदलला, मोजदाद जुळेना, डबीने किल्ली दिली नाही. चूक सर्वस्वी माझी. मालकाच्या मुलाने पुण्यात बसून त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधलं तेव्हा तो आकडा सापडला. सापडला नसता तर त्या घरातले सगळे फोटो गेले असते, आणि कुठलाही दुकानदार ते परत आणू शकला नसता. तेव्हापासून मी आधी सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू आहे का ते बघतो, असेल तर ती की वहीत उतरवून घेतो, आणि मगच बायोसला हात लावतो. अकराच्या २४एच२ या आवृत्तीपासून, कोरी स्थापना करून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलात, तर हे कुलूप बहुतेक मशिनांवर आपोआप लागतं. म्हणजे अकरावर गेलात तर तो ४८ आकडी कागद रेशनकार्डाशेजारी ठेवायला हवा.

मशीन अकराला पात्र आहे म्हणजे तुमचं काम अकरावर चालेल, असं मात्र नाही. कामाची चौकशी वेगळी करावी लागते. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. जुन्या दहापैकी काही ३२ बिटची आहेत. त्यांना वरच्यावर अकरा चढवता येत नाही, कोरी स्थापना करावी लागते, आणि जुन्या प्रिंटरचा ६४ बिटचा ड्रायव्हर आहे का ते आधी शोधावं लागतं. ६४ बिटच्या विंडोजवर सोळा बिटचे प्रोग्रॅम आणि डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. आंब्याच्या बागायतदारांकडे, किराणा पेढ्यांवर फॉक्सप्रोत लिहिलेला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा हिशेब अजून जिवंत आहे. लिहिणारा मुंबईला गेला, प्रोग्रॅम इथेच राहिला. अशा ठिकाणी मी सांगतो की ते मशीन तसंच ठेवा, पण त्याची इंटरनेटची वायर काढा, आणि अर्ज-बिर्ज दुसऱ्यावर करा.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक खड्डा आहे, आणि तो इंग्रजी माहितीपत्रकांत कुठेच सापडत नाही. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा यांचं जुनं काम युनिकोडमध्ये नाही. ते श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा फाँटांत आहे, आणि बरंचसं पेजमेकरमध्ये. या फाँटांत फाइलच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात. फाँट त्या आकड्यांवर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. फाँट गेला की “श्री गणेशाय नमः” च्या जागी नुसता एबीसीचा कचरा दिसतो. कोरी स्थापना केली की फाँट जातात. शिवाय काही जुन्या सॉफ्टवेअरना यूएसबीचं कुलूप, म्हणजे डोंगल लागतं, आणि त्याचा ड्रायव्हर नव्यावर चालेलच असं नाही. म्हणून मी सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या पोटातलं फाँट्स नावाचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घेतो. वरच्यावर अकरा चढवलं तर फाँट शाबूत राहतात, पण नक्कल असलेली बरी. युनिकोडवाल्यांना ही भीती नाही. फार तर मंगल फाँट गायब झालेला दिसेल, कारण दहापासून तो वेगळा मागवावा लागतो: ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स या नावाने.

अंगठा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस आणि टेंडर भरणाऱ्यांचं डिजिटल सहीचं डीएससी टोकन यांचेही ड्रायव्हर असेच आधी बघून ठेवावेत. अडेल तर काम तिथेच अडेल, आणि ते टेंडरच्या शेवटच्या दिवशीच अडेल.

जे मशीन पात्रच नाही त्याचं काय? माझ्याच दुकानातला डेस्कटॉप सहाव्या पिढीचा आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव देखभाल ठेवली आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जाऊन सेटिंग्ज त्यांच्याकडे सिंक केल्या तर ती फुकट मिळते. नाहीतर रिवॉर्ड्सचे १००० गुण किंवा ३० डॉलर. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२ हवी. अपडेटच्याच पानावर नोंदणीची ओळ दिसते. घरगुती वापरासाठी हे पुरे. कंपन्यांना दर मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर पडतात आणि ते दरवर्षी दुप्पट होतात, तीन वर्षांपर्यंत. म्हणजे जयगडजवळच्या मोठ्या बंदरातल्या साहेबांचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा.

एखादी चिप्पी मारून अपात्र मशीनवर अकरा चढवून देणारेही आहेत. तसं करता येतं. पण अशा मशीनला पुढच्या अपडेटची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं, आणि २४एच२ ने तर फारच जुने प्रोसेसर मुळातच बाहेर काढले. स्वतःच्या हौसेच्या मशीनवर करा. ज्यावर दुसऱ्याचं आधार उघडता त्यावर नको. लिनक्स मिंट किंवा उबुंटू हा प्रामाणिक पर्याय आहे, ज्याला फक्त ब्राउझर, पत्रं आणि यूट्यूब हवं त्याच्यासाठी उत्तमच. टॅली आणि अंगठ्याचं यंत्र मध्ये आलं की माझ्यासारख्या दुकानदाराचे हात टेकतात.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावरच्यांसाठी. इथला खारा वारा रॅमच्या सोनेरी टोकांनाही हिरवा गंज चढवतो. दहा वर्षांचं मशीन जयगड किल्ल्याच्या आसपास क्वचितच टिकतं. त्यामुळे २०१६ च्या मशीनला अकरा घालावं की नाही, यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. त्याचा निकाल समुद्र लावतो. उरलेल्या पैशांत नवं घ्यावं, आणि जुन्यातली एसएसडी काढून त्याला बाहेरची डिस्क करावी.

मग करायचं कधी? प्रत्येकाचा निवांत काळ वेगळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, बोटी वर ओढलेल्या, रंगकाम चाललेलं. चाचांना तेव्हा लॅपटॉप आठवडाभर नसला तरी चालतो. बागायतदाराला एप्रिल-मे मध्ये हात लावू देऊ नये. माझं उलटं. जून-जुलैत दहावी-बारावीच्या दाखल्यांची रांग दारात, त्या वेळी दुकानातलं मशीन उघडून बसणारा माणूस वेडा. पण जूनमध्ये जयगडला वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि अर्ध्यावर वीज गेलेली स्थापना म्हणजे अर्ध्या खाडीत बंद पडलेलं इंजिन. म्हणून काही जीबीचं डाउनलोड मे महिन्यातच करून पेनड्राइव्हवर ठेवायचं. स्थापनेच्या दिवशी बॅटरी पूर्ण भरलेली, आणि कडकडाट सुरू झाला तर चार्जर भिंतीतून काढलेला. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

क्रम माझा ठरलेला आहे. आधी कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे. मग रिकव्हरी की. मग फाँट, ड्रायव्हर, टॅलीचा डेटा. मग वरच्यावर अकरा. नाही जमलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत दहावर जाता येतं, कारण जुनं विंडोज तेवढे दिवस डिस्कवरच बाजूला ठेवलेलं असतं. त्या दहा दिवसांत आपलं रोजचं प्रत्येक काम एकदा तरी करून बघायचं: अर्ज, प्रिंट, अंगठा, मराठी टायपिंग. अकराव्या दिवशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी चहा पाजतो, बाकी काही करू शकत नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे अकरा घातलं की मग कटकट संपली?” नाही. अकराच्याही आवृत्त्यांना मुदत असते. घरगुती २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६, म्हणजे दहाच्या वाढीव देखभालीचीच तारीख. फरक एवढाच की तिथून पुढे २५एच२ वर जाता येतं, तेही फुकट. “मग बोटीसारखंच की,” चाचा म्हणाले, आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

त्यांना एसएसडी मागवून ठेवली आहे आणि २ जूनला या म्हणून सांगितलं आहे. माझ्या डेस्कटॉपची वाढीव देखभाल मी घेतली आहे. गणपती झाले की त्या जागी नवा येईल. तोपर्यंत स्क्रीनच्या कडेला कागद चिकटवला आहे: १३ ऑक्टोबर २०२६.